तात्याच्या छातीतली टकटक

इथले अनुभव मी बऱ्याच वर्षांपासून वाचते आहे आणि खरं सांगू? निम्मे वाचून माझी नुसती चिडचिड होते. मी डॉक्टर आहे. कुणाला पिंपळाखाली माणूस दिसला, कुणाला पाठीमागून हाक आली... वाचते आणि मनात म्हणते, झोप कमी, पित्त जास्त, दुसरं काय! आजही माझं मत फारसं बदललेलं नाही. तरी लिहायला बसले, कारण आमच्या घरचे गृहस्थ ही गोष्ट दिसेल त्या लग्नात सांगत सुटतात आणि दर वेळी तिच्यात काहीतरी भर घालतात. परवा उत्रोलीच्या एका लग्नात त्यांनी अमावस्या घुसवली. अमावस्या नव्हती हो! भर दुपार होती, पंखा बंद होता आणि मी घामाने निथळत होते. तेव्हा एकदा जसं घडलं तसं लिहून टाकते.

साल दोन हजार चार किंवा पाच. मी राहायला भोरला आणि नोकरीला नसरापूरच्या एका खासगी हॉस्पिटलात. हॉस्पिटल छोटंच. त्याचे मालक म्हणजे आमचे सर. त्यांनी त्या वर्षी दोन खाटांचं आयसीयू काढायचं ठरवलं, मॉनिटर आणला, शॉक द्यायचं मशीन आणलं आणि फर्मान काढलं — "तुम्ही दोघांनी पुण्याला जाऊन एसीएलएसचं सर्टिफिकेट घेऊन या." म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाला परत आणायचं प्रगत शिक्षण. दोन दिवसांचा कोर्स, शेवटी लेखी परीक्षा आणि डमीवर प्रॅक्टिकल.

सांगायला काय जातं! मी चाळिशीला टेकलेली. मुलीची सहामाही चालू, सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, दिवाळी तोंडावर. कढईत चकली सोडायची आणि शेजारी ठेवलेल्या पुस्तकात ईसीजीच्या पट्ट्या बघायच्या. त्यात ते हार्ट ब्लॉक नावाचं प्रकरण माझ्या डोक्यात काही केल्या शिरेना. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून निघालेला निरोप खालच्या कप्प्यापर्यंत पोचत नाही, मग मधेच एखादा ठोका गळतो — इथपर्यंत ठीक. पण त्याचे प्रकार! पहिला, दुसरा, दुसऱ्यात परत दोन, मग तिसरा... मी पुस्तक आपटून ठेवायचे.

माझ्याबरोबर परीक्षेला होते डॉक्टर आरिफ. भोरचेच, आमच्या ह्यांचे शाळेपासूनचे दोस्त, म्हणून मला वहिनी म्हणायचे. सकाळी नसरापूरला ड्यूटी आणि संध्याकाळी मोटारसायकलवर विंझरला स्वतःचा दवाखाना. त्यांना रमझानचे रोजे होते. दिवसभर पाण्याचा थेंब नाही, पण तोंड काही बंद नाही. सगळ्या पट्ट्या त्यांना पाठ, आणि ते मला पदोपदी दाखवून द्यायचं.

दुपारी ओपीडी संपली की आम्ही वरच्या खोलीत सराव करायचो. त्यासाठी आरिफभाईंनी पुण्याच्या एका कॉलेजातल्या मित्राकडून डमी उसनी आणली होती. कंबरेच्या खाली काही नाही, हात नाहीत, रबरी कातडी आणि तोंड उघडं. आमच्या सिस्टर मंदाताई, विंझरच्या, त्या बघूनच दारात थबकल्या.

"अगं आई! ह्ये काय आणलंय म्याडम? हात न्हाईत, पाय न्हाईत... आन् उघडंबागडं!"

"मंदाताई, तात्या म्हणा त्यांना," आरिफभाई म्हणाले. "मोठे आहेत."

मंदाताईंनी तात्याला टॉवेल पांघरला. रोज मी काढायचा, रोज त्यांनी घालायचा.

आता हे नीट समजून घ्या. अशा डमीच्या छातीत एक पत्र्याची चकती असते. दाब पुरेसा खोल गेला की ती टक् अशी वाजते, म्हणजे आपल्याला कळतं. आमचा तात्या दाबला की गप्प. मनगटं दुखेपर्यंत दाबलं तरी गप्प. आणि हात काढून घाम पुसायला बसावं, तर —

टक्. टक्. टक्.

बारीक, पण स्पष्ट. पहिल्यांदा मला वाटलं पाल. मग वाटलं घड्याळ. कान लावला, तर आवाज तात्याच्या छातीतून. मंदाताईंनी तोंडाला पदर लावला.

"आरिफभाई, हा वाजतोय बघा."

"असेल काहीतरी. स्प्रिंग अडकली असेल."

"अहो, दाबलं की वाजत नाही आणि सोडलं की वाजतोय!"

"मग तुमच्यासारखाच आहे, वहिनी. बोला म्हटलं की गप्प, गप्प म्हटलं की सुरू."

मी चिडले. मला मोजत दाबायचं असायचं, आणि शेजारी ही टकटक स्वतःच्या चालीने चालू. माझं मोजणं हमखास चुकायचं. शेवटी मी आरिफभाईंना म्हटलं, उघडा तो एकदाचा. त्यांनी आमच्याकडे पाठ करून त्याची मागची चेन उघडली, आत डोकावले, बंद केली. "आत सगळं ठीक आहे," म्हणाले. दुसऱ्या दिवशी मंदाताईंनी तात्याच्या गळ्यात लिंबू-मिरची बांधलेली. मी कपाळावर हात मारून घेतला.

सरांना ऐकवावं म्हणून वर बोलावलं. आरिफभाई तेव्हा खाली नमाज पढत होते. सर तात्याजवळ उभे राहिले, मी उभी राहिले... काहीही नाही. चिडीचूप. "अभ्यास करा, अभ्यास," असं म्हणून सर गेले. आरिफभाई वर येऊन खुर्चीत टेकले आणि टक्. टक्. मला तात्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली!

मग वाटलं, खोलीचाच काही दोष असेल. शनिवारी डमी टेम्पोत टाकून भोरला घरी नेली. दोन दिवस तात्या आमच्या दिवाणावर पडून होता. हूं की चूं नाही. सासूबाई म्हणाल्या, "ह्याला आधी हितनं हलव," आणि आमचे हे पोट धरून हसले. सोमवारी परत नसरापूरला. आरिफभाई आले, बसले, सुरू!

तोपर्यंत आवाजाची मला सवय झाली होती. सवय झाली म्हणून असेल, त्या दिवशी पहिल्यांदा मी तो नुसता ऐकला. तीन-चार टक सरळ. मग एक जागा मोकळी. परत तीन-चार सरळ, परत मोकळी. ठोका जिथं यायला हवा, तिथं येतच नव्हता.

"आरिफभाई, हा तर हार्ट ब्लॉक! दुसऱ्या डिग्रीचा!"

"शाब्बास!" ते म्हणाले. "मी दहा वेळा शिकवलं तर कळलं नाही, तात्याने शिकवलं ते कळलं."

खरं तर त्या दिवशी मला आनंदच झाला. पुस्तक उघडून पडताळून पाहिलं, बरोबर होतं. पण दोन-तीन दिवसांत त्या मोकळ्या जागा वाढायला लागल्या. टक... टक... आणि जागा. मंदाताई म्हणाल्या, "म्याडम, ह्ये मरायला लागलंय." मी त्यांना रागावले. रबराचं काय मरतंय?

त्याच दुपारी आरिफभाई विंझरला जायला उठले. किल्ली हातात घेतली आणि दुसऱ्या हाताने टेबल धरलं. टकटक थांबली. आरिफभाईंची नजर कुठेतरी लांब गेल्यासारखी झाली, चेहरा राखेसारखा. मी काही बोलणार तोवर ते खुर्चीत बसले... आणि तात्याच्या छातीत टक् झालं.

"रोजा आहे," ते हसत म्हणाले. "उठताना चक्कर येते जरा. चार दिवस येतेय."

मी त्यांचं मनगट धरलं. माझ्या बोटाखाली ठोका आणि कानात टक्, एकाच वेळी. परत ठोका, परत टक्. मग बोटाखाली काही नाही आणि कानातही काही नाही. मंदाताई माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"खाली चला. ईसीजी काढायचाय."

"अहो वहिनी, पेशंट ताटकळत असतील. उद्या काढू."

"आत्ता."

"रोज्यात होतं असं! मी डॉक्टर आहे की नाही?"

"डॉक्टर आहात म्हणूनच अक्कल चालत नाहीये तुमची!" मी ओरडले. मंदाताईंनी पुढे होऊन त्यांच्या हातातली किल्ली काढून घेतली. "दादा, म्याडम म्हनत्यात तर चला की. मोटारसायकल कुटं पळून चाललीय व्हय!"

पट्टीवर ब्लॉक होता. दुसऱ्या डिग्रीचा, वाईटातला. ज्यात निरोप कधी पूर्ण बंद होईल सांगता येत नाही, तो. मी पट्टी आरिफभाईंच्या हातात दिली. त्यांनी ती बघितली, उलटी करून बघितली, आणि त्या दिवसात पहिल्यांदा त्यांचं तोंड बंद झालं. सरांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, "गाडी काढा. पुण्याला न्या."

सुई लावायला घेतली तर हा माणूस विचारतो, सलाईनने रोजा तुटतो का! मी म्हटलं, "त्याचा हिशोब माझ्या नावावर लावा." ते हसले आणि हसता हसताच डोळे वर गेले.

मॉनिटरवर वरच्या कप्प्यांच्या बारीक लाटा येत होत्या, एकामागून एक. खालच्या कप्प्यात तो निरोप घेणारं कुणी नव्हतं. नाडी नाही. मी खाटेवर चढले आणि दाबायला लागले. इतके दिवस रबरावर दाबत होते. माणसाची छाती तशी नसते. हाताखाली बरगडी कुरकुरली आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, पण हात थांबले नाहीत. सर औषध देत होते, मंदाताई आकडे मोठ्याने म्हणत होत्या, माझ्यासाठी. आमच्या ह्यांना काय सांगू, रुखसानाभाभींना काय सांगू, त्यांची दोन लेकरं... हेच डोक्यात.

मग हाताखालून कण्हल्याचा आवाज आला. "वहिनी... बरगडी मोडाल."

मी खाटेवरून उतरले आणि जमिनीवरच बसले.

पुण्याला नेलं, तिथं आधी हृदयात तात्पुरती वायर घातली, मग पेसमेकर बसवला. परीक्षेचा दिवस आला नि गेला. मी तेव्हा पुण्याच्या त्या हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर रुखसानाभाभींबरोबर बसलेली. सर नाराज झाले. होऊ देत. पुढच्या बॅचला आम्ही दोघांनी ती दिली आणि पास झालो.

ईदच्या आधी मी डमी परत करायला कॉलेजात गेले. आरिफभाईंच्या त्या मित्राला म्हटलं, "तुमच्या डमीची चकती बिघडलीय, दाबल्यावर वाजत नाही."

"वाजेल कशी? चकती नाहीच त्यात. गंजली होती, मीच काढून टाकलीय कधीची. आरिफला देतानाच सांगितलं होतं."

त्याने चेन उघडून दाखवली. आत फोम होता. एक स्प्रिंग नाही, एक पत्रा नाही. मी हात घालून चाचपलं. ऊबदारसुद्धा नव्हता फोम. काहीच नव्हतं.

ईदला आम्ही आरिफभाईंच्या घरी गेलो. ते अजून अशक्त होते, तक्क्याला टेकून बसलेले. रुखसानाभाभी शिरखुर्मा आणायला आत गेल्या, तेवढ्यात मी धारेवर धरलं. "तुम्हाला माहीत होतं, आत चकती नाही? मग मला वेड्यात काढत होता रोज? स्प्रिंग काय, आत सगळं ठीक आहे काय!"

ते तक्क्यावरून जरा सरळ झाले. मग म्हणाले, "वहिनी, रागावू नका. मला कधी ऐकूच आलं नाही."

"म्हणजे?"

"काहीच. एकदाही नाही. तुम्ही म्हणायचा वाजतोय, मंदाताई म्हणायच्या वाजतोय. मला वाटलं घर, दिवाळी, अभ्यास... तुमच्या डोक्यावर ताण आलाय. म्हणून मी हो ला हो करत होतो. चेन उघडली, तीही तुमच्या समाधानासाठी."

आतून भांड्यांचा आवाज येत होता. आमचे हे एकदा माझ्याकडे, एकदा दोस्ताकडे बघत होते.

"कसा होता तो आवाज?" आरिफभाईंनी विचारलं.

मी समोरच्या टीपॉयवर बोटाने वाजवून दाखवला. तीन-चार सरळ. मग जागा. परत तीन-चार. त्यांनी हात छातीवर, पेसमेकरच्या टाक्यांवर ठेवला आणि ऐकत राहिले. पुढच्या मोकळ्या जागेवर माझं बोट वरच राहिलं, तशी त्यांनी ते धरून खाली ठेवलं.

"बस, वहिनी."

त्यानंतर हा विषय आम्ही दोघांनी परत काढला नाही. आरिफभाई ठणठणीत आहेत, विंझरला अजून जातात, तोंडही पूर्ववत सुरू आहे. मंदाताई म्हणतात की आपल्याला सगळं कळलेलं आहे, पण काय ते त्या सांगत नाहीत. माझी नाडीवरची बोटं अनुभवी होती, नकळत काही टिपलं असेल, असं एका मानसोपचारवाल्या मित्राने समजावलं. पण त्या दुपारपर्यंत मी आरिफभाईंची नाडी कधी बघितलीच नव्हती. आणि मंदाताईंनी तरी काय टिपलं?

मला उत्तर माहीत नाही. आणि उत्तर माहीत नसणं मला अजिबात आवडत नाही.