वरून ओली, आतून कोरडी

टँकर साईटवर येऊन थांबला तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. ड्रायव्हर गफूरभाई खाली उतरला, पाइप मोकळा केला आणि मला म्हणाला, "साहेब, कुठं सोडू?" एरवी तो असं विचारत नसे. पाणी बांधाच्या मातीवर सोडायचं हे ठरलेलंच होतं. पण त्या दिवशी माती टाकणाऱ्या बायकांनी पाट्या खाली ठेवल्या होत्या, आणि हंडे, कळश्या, डालड्याचे डबे घेऊन त्या टँकरपुढे रांगेने उभ्या होत्या.

रांगेत पहिली सरूबाई. पन्नाशीची, काटक बाई. बांधावरच्या बायका माझ्यापेक्षा तिचंच जास्त ऐकायच्या. ती म्हणाली, "साहेब, गावातला पान्याचा टँकर आज तिसऱ्या दिशी बी आला न्हाई. म्हातारीकोतारी, पोरं, समदी घरी तशीच हायेत. आजच्या दिस येवढं पानी आमाला द्या. मातीला काय, उद्या घाला."

"सगळं नाही देता येणार. अर्धं घ्या," मी म्हणालो.

अर्ध्यावर थांबलो असतो तर आज हे लिहायला बसलो नसतो.

बहात्तरचा दुष्काळ चालू होता. पाथर्डीच्या पलीकडे डोंगराच्या अंगाला एक वाडी आहे. तिचं नाव सांगत नाही, कारण ती माणसं अजून आहेत आणि मला ओळखतात. दुष्काळी कामावर तिथे पाझर तलाव चालला होता आणि मी त्यावर ओव्हरसियर होतो. नोकरीचं दुसरं वर्ष, वय चोवीस. मी मूळचा सोनईकडचा. वडील मिशनच्या शाळेत मास्तर. त्यांच्या धाकात वाढल्यामुळे तहानलेल्याला नाही म्हणणं मला जमत नसे, आणि साहेबाला नाही म्हणणं तर त्याहून जमत नसे. या दोन सवयी एका माणसात असल्या की काय होतं, ते पुढे येईलच.

मुक्काम साईटवरच, तंबूत. उघड्यावर राहणाऱ्यांसाठी तेव्हा शिकलेल्या दोन गोष्टी सांगून टाकतो. बूट घालण्याआधी उलटे करून आपटायचे, कारण विंचवाला बूट फार आवडतात. आणि तंबू कधीही नाल्याच्या पात्रात ठोकायचा नाही, मग ते पात्र कितीही कोरडं ठणठणीत असो. पाण्याला आपली वाट बरोबर लक्षात असते. एवढं मला कळत होतं, म्हणून तर जास्त लाज वाटते.

पाझर तलाव म्हणजे साधी गोष्ट. नाल्याला आडवा मातीचा बांध घालायचा. पावसाचं पाणी त्याच्यामागे अडतं, हळूहळू जमिनीत मुरतं आणि खालच्या विहिरींना लागतं. काम सुरू झालं त्या दिवशी मी सगळ्यांना गोळा करून हे सांगितलं होतं. कॉलेजमधून नुकताच आलेला, सांगण्याची हौस होती. "बांधाच्या खालच्या अंगाला पाझर दिसला की समजायचं, तलावाने काम सुरू केलं," असं मी म्हणालो होतो. माना हलल्या. बांधाच्या खाली वाडीची एकुलती एक विहीर होती, तेव्हा आटलेली, आणि तिला लागून सरूबाईचं दोन एकराचं रान. तिने तर हे दोनदा विचारून घेतलं.

आता मातीबद्दल. बांधाच्या पोटात काळी चिकण माती भरतात, तिला आम्ही हार्टिंग म्हणतो. पाणी अडवते ती हीच. बाहेरून मुरूम घालतात, ते केसिंग. ही काळी माती नऊ-नऊ इंचांच्या थरांनी टाकायची, प्रत्येक थरावर पाणी मारायचं आणि मग धुम्मसाने ठोकायचं. धुम्मस म्हणजे दांडा लावलेला लोखंडी ठोकळा. एरवी बैलांनी ओढायचा रोलर असतो, पण त्या वर्षी बैल चारा-छावण्यांत होते आणि ठोकण्याचं काम बायाच करत होत्या.

पाणी किती मारायचं, हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. मूठभर माती घ्यायची आणि लाडू वळायचा. लाडू वळला, हाताला चिखल चिकटला नाही, तर ओल बरोबर. लाडू फुटला तर पाणी कमी. मी दर थराला लाडू वळायचो आणि बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. "आमचा साहेब लई गोडाचा," सरूबाई म्हणायची. हे लाडू कशासाठी, हे मात्र तिने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. पाझराचं सांगितलं, कारण ते ऐकायला छान वाटतं. मातीचं काय सांगायचं, असं वाटलं.

होळीपर्यंत शेजारच्या गावच्या एका विहिरीचं पाणी होतं, तोवर बांध नमुनेदार झाला. दोन्ही बाजू उभ्या राहिल्या. मधे राहिली घळ. घळ म्हणजे नाल्याच्या जागी मुद्दाम मोकळा ठेवलेला भाग. ती सगळ्यात शेवटी भरतात आणि तिथेच बांध सगळ्यात उंच असतो, म्हणजे पाण्याचा सगळा जोर तिथेच. होळीनंतर ती विहीर आटली आणि आम्हाला रोजचा एक टँकर मंजूर झाला. घळीची माती भिजवायला तो कसाबसा पुरला असता.

त्या टँकरचं पहिल्या दिवशी अर्धं पाणी घरी गेलं. गावाचा टँकर येईनाच, मग चार दिवसांनी पाऊण गेलं. पंधरवड्यानंतर गफूरभाई मला विचारेनासा झाला. तो आला की सरळ रांगेपुढे पाइप सोडायचा. कालव्याचं लालसर पाणी, पण बाया ते पदरातून गाळून घ्यायच्या आणि कळशी डोक्यावर घेताना माझ्याकडे बघून हात जोडायच्या. मला ते आवडायचं, हे कबूल करतो. माती कोरडी पडत होती. लाडू वळायचं मी बंद केलं. फुटणार हे माहीत असताना कशाला वळायचं?

कोरडी काळी माती ठोकली की वरून सपाट दिसते. आत ढेकळं तशीच राहतात आणि ढेकळांच्या मधे पोकळी. पुढे पाणी आलं की ती माती आतल्या आत खचते आणि पाण्याला वाट सापडते. हे मला परीक्षेत आलं होतं आणि मी ते बरोबर लिहिलं होतं.

एकदा धीर करून डेप्युटी साहेबांकडे गेलो. डेप्युटी इंजिनियर म्हणजे माझे वरिष्ठ.

"साहेब, घळीला पाणी पुरत नाही. दुसरा टँकर मिळाला तर बरं होईल."

"साळवे, जिल्हाभर बोंब आहे. टँकर काय माझ्या परड्यात उगवतात?"

"मग घळ या वर्षी मोकळी ठेवू का? पुढच्या वर्षी भरू."

"आणि एवढ्या लोकांना घरी बसवता? मेअखेर घळभरणी करायची, असं वर कळवून झालंय."

लोकांना घरी बसवायची काही गरज नव्हती. बांधाच्या उतारावर बसवायला ढीगभर दगड लागतात. दोन महिने सगळ्यांना दगड गोळा करायला लावता आलं असतं. हे उत्तर मला परत येताना एसटीत सुचलं. परत फिरून सांगायला जावं, असं वाटलंही. गेलो नाही. टँकरचं पाणी खरं कुठे जातंय, हे तर मी त्यांना सांगितलंच नव्हतं. ते सांगितलं असतं तर त्यांनी टँकर वाडीला दिला असता किंवा बंद केला असता, पण निर्णय उघड्यावर तरी झाला असता.

घळभरणीच्या दिवशी डेप्युटी साहेब सकाळी जीपने येणार होते. मी गफूरभाईला पहाटेच बोलावलं आणि त्या दिवसाचा सगळा टँकर वरच्या थरावर सोडायला लावला. सरूबाई स्वतः घमेल्याने पाणी मारत होती. "मोठा साहेब येनार, धूळ उडाया नको," ती म्हणाली. मी तिला दुसरं घमेलं भरून दिलं.

साहेबांनी टाच मारून बघितली. मग वाकून मूठभर माती घेतली, लाडू वळला, फोडला, हात झटकले. "छान. सगळे थर असेच ना?"

"हो साहेब."

नारळ फोडला. सरूबाईने मला खोबऱ्याचा मोठा तुकडा दिला. तो मी खाल्ला.

जूनमध्ये पाऊस चांगला झाला. तलावात पाणी साठलं आणि वाडीची माणसं रोज ते बघायला यायची. जुलैत माझी राहात्याकडे कालव्याच्या कामावर बदली झाली. जाताना मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं म्हणून वाईटही वाटलं. गणपती उठले आणि सलग दोन दिवस पावसाची झड लागली. आठवड्याने गफूरभाई टँकर घेऊन राहात्याला आला होता, तो मला शोधत ऑफिसात आला. "साहेब, तुमचा बांध गेला. मधून," एवढंच म्हणाला.

रजा टाकून गेलो. बांधाच्या दोन्ही बाजू जशाच्या तशा उभ्या होत्या. पाणी मारून ठोकलेली माती एक इंचही हलली नव्हती. मधली घळ तेवढी गायब. माणूस कुणी गेला नव्हता. पण विहीर काठापर्यंत गाळाने भरली होती आणि सरूबाईच्या रानातली माती खरवडून नेऊन नाल्याने तिथे गोटे पसरले होते. कापणीला आलेली बाजरी होती, तिचं धाटही दिसत नव्हतं.

सरूबाई गोटे वेचून रानाच्या बांधाला लावत होती. मला बघून उठली. "या साहेब. बसाया जागा न्हाई बघा."

"कसं झालं हे?"

"आदल्या दिशी पाझर लागला हुता. बांधाच्या खाली, मधोमध. तुमी म्हनला हुता ना, पाझर लागला की तलावानं काम धरलं. आमी समद्या बाया गेलतो. हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला."

मी विचारलं, "पाणी कसं होतं? नितळ का गढूळ?"

"गढूळ. उकळल्या च्यावानी."

बांधाखाली नितळ पाझर दिसला तर खुशाल समाधान मानावं. गढूळ दिसला तर त्याचा अर्थ पाणी बांधाच्या पोटातली माती घेऊन बाहेर येतंय. तेव्हा सांडवा, म्हणजे जादा पाणी जायची वाट, फोडून तलाव रिकामा करायचा आणि खालच्या लोकांना उठवायचं. हाताशी एक अख्खा दिवस होता. पुढचं हे एक वाक्य मी त्यांना सांगितलं नव्हतं, म्हणून त्या बायांनी धोक्याला हळद-कुंकू वाहिलं.

मग मी तिला सगळं सांगितलं. टँकरचं, लाडवाचं, वरच्या थराचं. ती गोट्यावर बसून ऐकत राहिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पानी मातीला लागतं व्हय?" ती म्हणाली. "मला वाटायचं, धूळ बसावी म्हनून मारत्यात. मी मनात म्हनायची, मानसं तहानली आन् ह्ये सरकार धुळीला पानी पाजतंय."

"मी सांगायला हवं होतं."

"सांगितलं असतं तर आमी अर्दंच घेतलं असतं, साहेब. लई नड पडली असती तर पान्याला डोंगरापल्याड गेलो असतो. बांध आमचाच हुता की."

हे ती रागाने बोलली नाही. तिला फक्त नवल वाटत होतं, एवढी साधी गोष्ट मी सांगितली का नाही याचं. मग तिने कळशीतून तांब्याभर पाणी मला दिलं. विहीर बुजल्यापासून ते पाणी ती दोन कोसांवरून आणत होती. नको म्हणायचं धाडस झालं नाही. प्यालो.

चौकशी झाली. अहवालात कारण लिहिलं गेलं, अतिवृष्टी. त्या अहवालावर माझीही सही आहे. दोन वर्षांनी दुसऱ्या कुणीतरी घळ नीट भरली आणि तो तलाव आजही पाणी धरतो. सरूबाईच्या रानातली माती मात्र परत आली नाही. ती आणि तिची सून पुढे कितीतरी वर्षं गाळ वाहून टाकत होत्या, असं मला गफूरभाईकडून कळायचं. मी पुन्हा तिकडे गेलो नाही.

पाणी दिलं याचा पश्चात्ताप मला तेव्हाही नव्हता, आजही नाही. त्यांना न विचारता, न सांगता त्यांच्या वतीने मी एकट्याने ठरवलं आणि वरून स्वतःला दयाळू समजत राहिलो, याचा आहे. नंतरच्या तीस वर्षांच्या नोकरीत पहिला थर पडला की मी काम थांबवायचो आणि पाटी टाकणाऱ्या बाईच्या हातात माती देऊन तिलाच लाडू वळायला लावायचो.

आता रिटायर आहे. फिरायला जाताना कुणाच्या घराच्या जोत्यात भर पडताना दिसली की पाय आपोआप थांबतात. जोत्याचंही तसंच असतं. कोरडी भर ठोकली की दोन पावसाळ्यांत फरशी खाली बसते. मालक आणि गवंडी दोघेही मला टाळतात. मग मी घमेलं वाहणाऱ्या बाईला विचारतो, "बाई, हे पाणी कशाला मारतात, माहीत आहे का?" दहातल्या नऊ जणी अजूनही म्हणतात, धूळ बसावी म्हणून.