मनीषाची कोरी ओळ

चार नोव्हेंबर, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे. लिहायला बसलो आहे. माझी सून मनीषा हिला जाऊन आज सदतीस दिवस झाले. त्या रविवारी सकाळी जळगावहून हेमंतचा फोन आला. "आबा, मनीषा गेली," एवढेच माझा मुलगा बोलू शकला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. वय छत्तीस. आदल्या संध्याकाळी ती इथे, सावद्याच्या घरी, माझ्यासमोर बसून चहा पिऊन गेली होती. जाताना तिची निळी कच्ची वही माझ्यापाशी ठेवून गेली होती. ती वही आता या टेबलावर आहे. दुपारी चार वाजता तिच्या प्रयोगशाळेचे प्रमुख येणार आहेत. तोपर्यंत मला एक गोष्ट ठरवायची आहे, आणि एका जागी बसवत नाही. एवढे लिहीपर्यंत दोनदा अंगणात जाऊन आलो.

मनीषा पिंपळनेरची. तिची अहिराणी ऐकून आमच्याकडचे हसत, आमची बोली ऐकून ती हसे. ती विषाणूंवर काम करते हे मला ठाऊक होते, म्हणून लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात तिला बागेत नेऊन हरण्या रोग झालेली केळ दाखवली. पानांवर पिवळे पट्टे, मधल्या कोवळ्या पानाचा पोंगा सडलेला. "हे विषाणूचे काम. झाड उपटायचे आणि गाडायचे, दुसरा उपाय नाही," असे मी सांगितले. ती म्हणाली, "आबा, तुम्ही गाडतस, मी पाळस." माझ्याशी असे कोणी बोललेले मला चालत नाही. तिचे चालले.

पुढे तिने काम समजावून सांगितले. तोंडाच्या कर्करोगाच्या पेशी ती प्रयोगशाळेत बशीत वाढवी. त्या पेशींतले एक जनुक चालू आहे तोवर त्यांची वाढ आवरत नाही, असा तिचा अंदाज होता. विषाणूतला रोग करणारा भाग काढून टाकायचा, पेशीत शिरण्याची त्याची खोड तेवढी ठेवायची, आणि त्याच्या हाती आत एक चिठ्ठी पाठवायची की या जनुकाने गप्प बसावे. मग वाढ मंदावते का ते पाहायचे. मी विचारले, "वाढ चिठ्ठीने मंदावली, विषाणू घुसल्यामुळे नव्हे, हे कशावरून?"  ती म्हणाली, दुसऱ्या बशीत तोच विषाणू सोडायचा, पण चिठ्ठीवरचा मजकूर निरर्थक. ती बशी नेहमीसारखी वाढली पाहिजे.

"म्हणजे कोरी ओळ," मी म्हणालो.

कोरी ओळ ही माझी चाळीस वर्षांची सवय. नवे खत आले की बागेतली एक ओळ त्याच्याविना ठेवायची, म्हणजे खताची खरी किंमत कळते. एका वर्षी सुपडूने, सालाने ठेवलेल्या आमच्या जुन्या गड्याने, मला न सांगता त्या ओळीलाही खत घातले. जाब विचारला तर म्हणतो कसा, "भाऊ, अख्खी पंगत जेवू राहिली अन् एकच ओळ उपाशी? मले नही पाहावलं." त्या वर्षी खताविषयी काहीही कळले नाही. मी दोन दिवस सुपडूशी बोललो नाही. मनीषाला ही हकीकत इतकी आवडली की ती दर खेपेला त्याला छेडी, "सुपडू नाना, आज कोनले जेवाडं?" आणि मला म्हणे, "आबा, आमनाकडे बी सुपडू नाना शेतस." प्रयोगशाळेतही असे सुपडू आहेत, हा तिचा अर्थ मला कळत असे. निकाल हवा तसा यावा म्हणून लोकांना दया येते, ती बहुधा स्वतःच्या आशेचीच.

तेव्हापासून प्रत्येक शनिवारी ती आली की मी एकच प्रश्न विचारी, "कोरी ओळ काय म्हणते?" प्रयोगाच्या पहिल्या खेपेला उत्तर आले, "ताजी शे, आबा." म्हणजे निरर्थक चिठ्ठीची बशी नेहमीसारखी वाढत होती. दुसऱ्या खेपेलाही तेच. प्रमुखांनी शोधनिबंध लिहायला घेतला. तिसरी खेप तिने हट्टाने एकटीने केली. त्या शेवटच्या शनिवारी मी विचारले, तेव्हा तिने कप खाली ठेवला. "कोरी ओळ बी सुकी ऱ्हायनी, आबा." निरर्थक चिठ्ठीच्या बशीतल्या पेशीही तितक्याच मंदावल्या होत्या. बहुधा विषाणूच जास्त पडला असेल, किंवा आधीच्या दोन खेपाच फसव्या असतील… तिला ठाऊक नव्हते. आकडे कच्च्या वहीत होते. सोमवारी पक्क्या वहीत उतरवून ती प्रमुखांना सांगणार होती.

मी म्हणालो, "मग निकाल कसला? पुन्हा कर." वही एका दिवसापुरती वाचायला ठेवून घेतली, रविवारी परत पोचवणार होतो. तिला जेव म्हणालो नाही, थांब म्हणालो नाही. तिच्याशी बोललेले माझे शेवटचे दोन शब्द, "पुन्हा कर."

सोमवार आला नाही. दोन खेपांवरचा निबंध तयार आहे. तो तिच्या नावाने पाठवायचा, असे प्रमुखांनी ठरवले आहे. तिसरी खेप त्यांना ठाऊक नाही. मला आहे, आणि परवापासून हेमंतला. त्याने ही वही उघडून पाहिली, बराच वेळ पाहिली. मग म्हणाला, "आबा, ही वही कोणी मागितलेली नाही."

"मागितलेली नाही."

"आठ वर्षं राबली ती. एकदा तिचं नाव छापून येऊ द्या. एवढंच मागतो."

 मुलाने आजवर माझ्याकडे फारसे काही मागितलेले नाही. ते पान फाडण्याचा विचार माझ्या मनात आला नाही, असे लिहिले तर ते खोटे होईल. काल दुपारी बोटांत पान धरून बसलो होतो… तिचे अक्षर बारीक, उजवीकडे झुकलेले. शेवटच्या आकड्याखाली दोन रेघा ओढलेल्या. स्वतःच्या विरुद्ध जाणाऱ्या आकड्याखाली कोणी दोन रेघा ओढत नाही. तिने ओढल्या.

सायंकाळचे साडेसहा. प्रमुख येऊन गेले. मी वही त्यांच्या हाती दिली, ते पान उघडून दिली. त्यांनी दोनदा वाचले. हेमंत दारात उभा होता. तो आत आला नाही, निघूनही गेला नाही.

"आबा, मग हा निबंध पाठवता येणार नाही," प्रमुख म्हणाले.

"पाठवू नका."

"विषाणूचं प्रमाण कमी करून सगळं नव्यानं करावं लागेल. काही महिने जातील. आणि कदाचित काहीच निघणार नाही."

"जे निघेल त्यावर तिचे नाव घाला. काहीच निघाले नाही, तर तेही तिच्या नावाने लिहा. आणि दर शनिवारी मला फोन करून कोरी ओळ काय म्हणते ते कळवा."

त्यांनी हेमंतकडे पाहिले. हेमंतने मान हलवली. मग माझा निरोप न घेता तो त्यांच्याबरोबरच निघाला. त्याचा राग रास्त आहे, आणि तो किती दिवस टिकेल मला माहीत नाही.

ते गेल्यावर मी बागेत गेलो. कांदेबागेची, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावरची केळीची, लागवड नुकतीच झाली आहे, उद्यापासून नवे खत द्यायचे आहे. यंदा कोरी ओळ ठेवावी असे मनात नव्हते. तरी सुपडूला ओळीच्या खुणेसाठी चुना लावलेली खुंटी आणायला सांगितली. "भाऊ, औंदाही एक उपाशी?" त्याने विचारले. मी म्हणालो, "औंदाही." पूर्वेकडून तिसऱ्या ओळीच्या तोंडाशी खुंटी धरली आणि दगडाने ठोकली. ती हलते का पाहिले. हलत होती. आणखी चार घाव घातले.