माकडहाडावरचा झुपका

बायकोने डाळीचं पीठ मळायला सांगितलं होतं, मी तांदळाचं मळलं. लेकीच्या पाठीवर गोळा फिरवायला गेलो तर त्याचा भुगा झाला.

"डाळ-तांदूळ ओळखता येत नाहीत, आणि म्हणे कंपनीत इन्स्पेक्शनला," बायको म्हणाली.

चिखलीच्या आमच्या दोन खोल्यांत बाळाला न्हाऊमाखू घालणारं वडीलधारं कुणी नव्हतं. आई परभणीहून फोनवर सांगायची, तेलपिठाच्या गोळ्याने घासलं की बाळाच्या अंगावरची लव जाते. गेलीही. फक्त माकडहाडाच्या जरा वर, मधोमध, केसांचा एक झुपका हटेना. मी तिथे रोज जास्त घासायचो.

लसीला नेलं तेव्हा डॉक्टरीणबाईंचं बोट नेमकं तिथेच थांबलं.

"कातडी आणि मज्जारज्जू, गर्भात दोन्ही एकाच थरातून तयार होतात. पाठीच्या मधोमध अशी खूण असली, तर आत मज्जारज्जू अडकलेला असू शकतो. आज पाय हलतायत. ती वाढेल तसा ताण आला तर पाय लुळे पडू शकतात. एमआरआय करून घ्या."

महाळुंग्याला कंपनीत मी नव्या लोकांना हेच शिकवतो: पार्टवर केसाएवढी रेघ दिसली तर घासून पाठवायचा नाही, बाजूला काढून आत बघायचं. घरी मी घासत बसलो होतो.

एमआरआयमध्ये मज्जारज्जू अडकलेला दिसला. ऑपरेशन ठरलं. वॉर्डात फक्त बाळाच्या आईला थांबता यायचं. मी कंपनीत जायचो.

"पोरगी काय म्हणते, राव?" शेजारच्या मशीनवरचा विचारायचा.

"मस्त," मी म्हणायचो. खरं सांगितलं असतं तर त्याने पुढचं विचारलं असतं, आणि पुढचं मला कुठे ठाऊक होतं?

एका संध्याकाळी घरी आलो, हातपाय धुतले आणि सवयीने पीठ मळायला बसलो. या वेळी बरोबर डाळीचं. गोळा झाल्यावर पाळण्याकडे वळलो. पाळणा रिकामा. बराच वेळ गोळा तसाच हातात धरून होतो. शेवटी तव्यावर थापला आणि खाल्ला.

ती घरी आली तेव्हा झुपक्याच्या जागी टाक्यांची सरळ रेघ होती. तळव्याला बोट लावलं, तर तिने अशी लाथ झाडली की तेलाची वाटीच उलटली. पुढेही तपासण्या आहेतच. फरशी पुसता पुसता मी बायकोला त्या गोळ्याचं सांगितलं.

ती म्हणाली, "मीठ तरी घातलं होतंत का?"