आत्या, बाबा आणि मधला साहेब

माझ्या आत्याचं इस्त्रीचं दुकान आहे. दुकान कसलं, एक लांबट खोली. पुढे टेबल, मागे कपड्यांचे गठ्ठे आणि टेबलाखाली साहेब. साहेब म्हणजे कुत्रा. एका थंडीत तो ऊब शोधत आत शिरला आणि कुणा बड्या अधिकाऱ्याच्या कोटावर ताणून झोपला, म्हणून साहेब. आत्याने कोट पुन्हा धुतला, पण त्याला हाकललं नाही. त्याच्याशी ती अहो-जाहो करते. "साहेब, बाजूला व्हा, गिऱ्हाईक आलंय." आम्हा भाचरांना मात्र सरळ "ए गाढवा".

गेल्या वर्षी तिच्या हातून एकाचा नवाकोरा शर्ट करपला. नेमके तेव्हा माझे बाबा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, दुकानात बसले होते. गिऱ्हाईकासमोरच म्हणाले, "ताई, आता बास कर. वय झालं तुझं."

आत्याने इस्त्री उभी करून ठेवली. "तू तुझी बस चालव," म्हणाली.

बाबा बस ड्रायव्हर. नुकतेच निवृत्त होऊन घरी बसले होते. ते वर्मी लागलं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. एक आडमुठी, दुसरा तिचाच भाऊ.

शेवटी मी लबाडी केली. आत्याला म्हटलं, साहेबाला जंगलात नदीकाठी मोकळं फिरवून आणू. बाबांना म्हटलं, मला एकटीला जायची भीती वाटते. सकाळी माझ्या गाडीपाशी दोघं समोरासमोर आले.

"साहेब, ही पोरगी बघा किती चालू आहे," आत्या कुत्र्याला म्हणाली.

"कुणाला नको असेन तर मी परत जातो," बाबा गाडीच्या आरशाला म्हणाले.

गेलं मात्र कुणीच नाही.

नदीकाठची पायवाट झाडांतून वर चढत जात होती. बाबा नाकासमोर बघत पुढे, आत्या गुडघे सांभाळत मागे, आणि मध्ये मी, दोन्हीकडून परकी. खरी पंचाईत साहेबाची झाली. बाबा वळणाआड गेले की तो पळत त्यांना गाठायचा, मग मागे वळून आत्याकडे यायचा, पुन्हा पुढे. त्याची जीभ हातभर बाहेर आली.

"अहो, एका जागी राहा की! त्याला जाऊ दे पुढे," आत्या ओरडली. साहेबाने ऐकलं नाही.

दुपारी आत्याने बसायला पिशवीतून चादर काढली. इस्त्री केलेली, कडक घडीची. जंगलात! बाबांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात दडपलं आणि लांब एका खडकावर जाऊन बसले. साहेबाने दोन्हीकडची अंडी आणि पाव खाल्ला.

पुढे नदी ओलांडायची होती. बाबा दगडांवरून पलीकडे पोचले, आत्या अजून अलीकडेच. साहेब तिच्यासाठी मागे फिरला आणि शेवाळावरून घसरला. जोरात केकाटला. आत्या चपलांसकट पाण्यात शिरली. पलीकडून बाबा बुटांसकट. पंजा चांगलाच फाटला होता. बाबांनी रुमाल आवळून बांधला. साहेबाला पाऊल टेकवेना, आणि कुत्रा काही लहानसहान नव्हे.

"चादर," आत्या म्हणाली.

तिने चादरीची झोळी केली. एक टोक तिने धरलं, दुसरं बाबांनी. मी पुढे झाले तर म्हणाली, "तू बुटकी. साहेब घरंगळतील."

निघाले. बाबा पुढे, आत्या मागे.

"पुढे खड्डा आहे," बाबा म्हणाले.

"दिसतोय."

"डावीकडून घे."

"हळू चाल. झोळी आहे ही, बस नव्हे."

बाबा हसले. या खेपेला खोकले नाहीत. थोडं चालून, मागे न बघता म्हणाले, "त्या दिवशी गिऱ्हाईकासमोर बोलायला नको होतं मी."

"नकोच होतं." आत्याने धाप टाकली. "मीसुद्धा बसचं बोलायला नको होतं. ज्याचं काम नुकतंच सुटलंय, त्याला असं बोलू नये."

"दमलीस?"

"नाही."

"मी दमलोय."

"मग बस की मेल्या, सांगायला काय होतं!"

दोघं वाटेतच खाली बसले. साहेब झोळीतून मान वर काढून कधी हिच्याकडे, कधी त्यांच्याकडे बघत होता. एवढ्या दुखण्यातही दिवसभरात पहिल्यांदा त्याची शेपटी हलत होती.

डॉक्टरने टाके घातले. मलमपट्टीसाठी साहेबाला दवाखान्यात न्यायचं काम बाबांनी आपणहून अंगावर घेतलं. जखम कधीच भरली, पण बाबा अजून रोज सकाळी दुकानात जातात आणि इस्त्री झालेल्या कपड्यांच्या घड्या घालतात. परवा मी गेले, तर ते नुकतेच जेवायला घरी गेले होते आणि आत्या त्यांनी घातलेल्या घड्या एकेक मोडून पुन्हा घालत होती.

"तुझ्या बापाला शर्टाची घडी जमत नाही," ती म्हणाली. "पण बोलू नकोस हं त्याला. यायचा नाही मग."