दोन लिटर दूध आणि पावट्याची सालं

१९९५च्या जानेवारीतला दुसरा रविवार, सकाळी साडेसहा. रक्कम अठरा रुपये : दोन लिटर दूध, लिटरला नऊप्रमाणे. हजर : मी, बायको, आई आणि बेंगळुरूच्या बसवनगुडीतल्या आमच्या घरी अकरा वर्षं दूध घालणारी अक्का. दोन गल्ल्या पलीकडे पत्र्याच्या गोठ्यात तिच्या दोन गाई होत्या. धार काढली की कॅन घेऊन ती तशीच चालत यायची. दूध ओतलं की आमचं पातेलं बाहेरून कोमट लागायचं.

त्या दिवशी मी समोरच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांकडून लॅक्टोमीटर मागून आणला होता. ही काचेची नळी दुधात जितकी खोल बुडेल तितका आकडा कमी आणि दूध पातळ. गाईच्या चांगल्या दुधात अठ्ठावीसच्या आसपास आकडा हवा, असं मी वाचलं होतं. आमच्या दुधात नळी पंचवीसवर थांबली. तीनदा पाहिलं, तीनदा पंचवीस.

"अक्का, यात पाणी आहे."

"गाय पिते तेवढं आहे, अण्णा."

"आकडा पंचवीस आहे."

"मग उद्यापासून दूध आकड्याकडूनच घ्या." तिने पैसे घेतले, नेहमीसारखे मोजले नाहीत, आणि गेली.

आमचं बोलणं कानडीत झालं, पण आई तेवढी मराठीत म्हणाली, "तुझी दोन्ही मुलं त्याच दुधावर वाढली. तेव्हा मोजलं नाहीस."

मी शेजारच्या दोन घरांनाही आकडा सांगितला. त्यांनीही तिचं दूध बंद केलं. तीन घरांचं मिळून सहा लिटर, म्हणजे तिचे रोजचे चोपन्न रुपये गेले. ही बेरीज मी तेव्हा केली नाही. पिशवीचं दूध आठ रुपये लिटर होतं, त्यामुळे महिन्याला साठ रुपये वाचतील एवढंच वहीत लिहिलं.

अक्का संध्याकाळी टोपली आणि बादली घेऊन आमची भाजीची देठं, केळीच्या साली आणि तांदळाचं धुवण न्यायची. ते आता बंद झालं. त्यात अवरेकाईचे, म्हणजे पावट्याचे दिवस. बेंगळुरूतल्या घरांत त्या महिन्यांत रोज शेंगा सोलतात, मग दाणे भिजवून चिमटीत दाबून त्यांचीही सालं काढतात. एका रविवारी चार किलो शेंगा आणल्या आणि उरलेला सालांचा ढीग ताणकाट्याला लावला : सव्वादोन किलो. तो कॅरीबॅगमध्ये बांधून मी कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत टाकला. त्यावर दिवसाच्या दुधाच्या अर्ध्या लिटरच्या चार पिशव्या. बायको सुरुवातीला त्या धुऊन वाळवायची, पंधरा दिवसांत कंटाळली. महिन्याला एकशे वीस पिशव्या.

फेब्रुवारीच्या अखेरीस एका सकाळी अक्काची तांबडी गाय त्या कुंडीशी उभी दिसली. पावट्याच्या वासाने तिने आमचीच गाठ मारलेली पिशवी फोडली होती आणि सालांबरोबर दुधाची रिकामी पिशवी चघळत होती. अक्का तिच्या तोंडात कोपरापर्यंत हात घालून ती ओढत होती. पिशवी निघाली. अक्काने ती माझ्यासमोर झटकली आणि कुंडीत टाकली.

मार्चमध्ये मी लॅक्टोमीटर परत द्यायला गेलो. प्राध्यापकांनी सहज विचारलं, "दूध गार करून मोजलंत ना? ही नळी ठरावीक तापमानासाठी बनवलेली असते. कोमट दुधात खाली जाते."

मी नळी तशीच परत घेऊन आलो. दुसऱ्या दिवशी पहाटे गोठ्यावर गेलो आणि अर्धा लिटर मागितलं. अक्काने माझ्यादेखत धार काढली. कोमट दुधात पंचवीस. मग भांडं गार पाण्याच्या बादलीत ठेवून वाट पाहिली. अठ्ठावीस.

"काय म्हणतो तुमचा आकडा?"

"चूक माझी आहे, अक्का. दूध गार करायला हवं होतं."

"स्वल्प, थोडं आधी विचारलं असतं तर मीच गार करून दिलं असतं."

दुधाची नुकसानभरपाई तिने नाकारली. न विकलेलं दूध तिने विरजून ताक-तूप केलं होतं. तिचा हिशेब वेगळा होता. आमची सालं बंद झाली म्हणून तिला गव्हाच्या भुशाची दोन पोती जास्त आणावी लागली, तीही उधारीवर.

"ती उधारी फेडा. आणि त्या दोन घरी तुम्ही स्वतः जाऊन सांगा. मी जाणार नाही."

मी गेलो. आमच्याबरोबर एका घराने दूध पुन्हा सुरू केलं. दुसऱ्या घरातल्या बाई म्हणाल्या, "आता फ्रिज घेतलाय, पिशव्याच बऱ्या." त्यांची सालं मात्र द्यायला त्या तयार झाल्या.

मी नऊ आणि आठ यांची वजाबाकी केली होती आणि ती बरोबरच होती. सव्वादोन किलो सालांचं दूध होतं की कचरा होतो, दूध दोन गल्ल्या चालत येतं की गाडीतून पिशवीत बसून, याला माझ्या वहीत रकाना नव्हता. पुढेही मी तो आखला नाही, कारण काय भाव लावायचा ते मला ठरवता आलं नाही. संध्याकाळी टोपली भरून ठेवायची, एवढं ठरवलं.

त्याच आठवड्यात, दोन पोत्यांचे दोनशे ऐंशी रुपये मी भुशाच्या दुकानदाराला दिले आणि अक्काच्या नावावरची उधारी त्याच्याकडून माझ्यासमोर खोडून घेतली.