चिमूटमामाचा दर

त्या वृद्धाश्रमात बेचाळीस माणसं राहायची आणि बेचाळीस जणांचं दोन वेळचं जेवण एकाच माणसाच्या हातात होतं. त्याला सगळे चिमूटमामा म्हणत. खरा मामा तो एकीचाच, त्याच्या हाताखाली काम करणाऱ्या भाचीचा. पण तिच्या तोंडून ऐकून ऐकून तो सगळ्या आश्रमाचा मामा झाला. आणि चिमूट अशासाठी, की तो चमचा म्हणून हातात धरत नसे. मीठ चिमटीने, मिरपूड चिमटीने. चिमूटही अशी, की बघणाऱ्याला वाटावं, हा मीठ घालतोय की मिठाची नुसती ओळख करून देतोय.

ठेंगणा, खांद्याने रुंद, डाव्या गुडघ्यात अधू. बोलणं बेताचं, तेही बहुतेक भांड्यांशी. स्वयंपाकाच्या बाबतीत मात्र नाकावर माशी बसू द्यायचा नाही. आणि त्यातही एक गोष्ट त्याला जिवापाड होती: ताटाचा दर. एका माणसामागे जेवणाला दिवसाचे किती पैसे मिळायचे, तो आकडा समितीने ठरवला होता आणि नऊ वर्षं तो जागचा हलला नव्हता. बाहेर तेल वाढलं, डाळ वाढली, गॅस वाढला, समितीच्या लोकांच्या गाड्याही वाढल्या. ताटाचा दर तेवढाच. वार्षिक सभेत अध्यक्ष तो आकडा मोठ्याने सांगत आणि लोक टाळ्या वाजवत. दुसऱ्या आश्रमांची माणसं बघायला येत आणि तोंडात बोटं घालून परत जात. एका वर्षी मामाला प्रशस्तिपत्र मिळालं. ते त्याने शेगडीसमोरच्या भिंतीवर लावलं. काचेवर तेलाचा थर बसे, तो दर शनिवारी लिंबाच्या सालीने पुसून काढी.

हे सगळं जमतं कसं, असं कुणी त्याला विचारलं नाही. विचारून कुणाचाच फायदा नव्हता.

जमायचं ते असं. मामा उजाडायच्या आधी घाऊक भाजीबाजारात जायचा. पिशवीत एक धार लावायचा दगड असे. गाळ्यांवरच्या बायकांच्या सुऱ्या, हमालांचे कोयते, सगळ्यांना तो तासभर बसून धार लावून द्यायचा आणि पैसे घ्यायचा नाही. त्या बदल्यात उकललेले कोबी, फावडं लागलेले बटाटे, एका अंगाने नरम पडलेले टोमॅटो त्याच्यासाठी बाजूला काढलेले असत. मग आश्रमात येऊन एकेका बटाट्याची दुखरी बाजू तो बेताने कोरून काढायचा. नासलेलं म्हणून त्याने जन्मात कुणाच्या ताटात वाढलं नाही. शिळ्या पावाच्या कडा वाळवून, कुटून रश्शाला दाटपणा आणायचा. कोबीचे दांडे बारीक चिरून डाळीत. कांदा तासभर मंद आचेवर ठेवायचा, म्हणजे तेल कमी लागतं. लसूण, मिरी, मोहरी मात्र तो स्वतःच्या पगारातून आणायचा. “एवढ्या तेवढ्यासाठी काय हात पसरायचा,” म्हणायचा. त्याची बायको होती तोवर यावरून कुरकुरली. ती गेल्यावर कुरकुरणारंही कुणी राहिलं नाही.

आश्रमात एक म्हातारा शिंपी होता. नवराबायको दोघं तिथेच राहत. तीन वर्षांपूर्वी तपासणीला आलेल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, की या माणसांच्या अंगात काही उरलेलं नाही, यांना आठवड्यातून दोनदा तरी अंडं द्या. समितीत विषय निघाला. सेक्रेटरी म्हणाले, “मामा याच पैशात सगळ्यांची पोटं भरतायत. मग दर कशाला वाढवायचा? काय मामा?”

मामा दारात हात पुसत उभा होता. त्याला वाटलं, आपलं कौतुक चाललंय. “भागतंय की,” तो म्हणाला. विषय मिटला. शिंप्याची बायको त्याच हिवाळ्यात गेली. वय झालं होतं, असं सगळे म्हणाले. वय झालंच होतं.

चौसष्टाव्या वर्षी मामाच्या गुडघ्याने हात टेकले. महिनाअखेर त्याने काम सोडायचं आणि एक तारखेपासून भाचीने स्वयंपाकघर सांभाळायचं, असं ठरलं. भाची अकरा वर्षं त्याच्याकडे शिकत होती. हाताला चव होती, कामाला चपळ होती. नवरा परगावी ट्रक चालवायचा. दोन पोरींना शाळेत सोडून ती सातला कामावर यायची. नोकरी गेली असती तर तिचं घर उघड्यावर आलं असतं.

त्याच महिन्यात गुडघा असा सुजला की मामा आठवडाभर खाटेवरून उठला नाही. भाचीने पहिल्यांदाच एकटीने सगळं केलं. सातला यायचं म्हणजे घाऊक बाजार केव्हाच उठलेला, तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानातून सामान आणायचं. गुरुवारीच आठवड्याचे पैसे संपले. शुक्रवारी, शनिवारी, रविवारी बेचाळीस जणांना पातळ डाळ आणि पाव यावर ठेवावं लागलं. सोमवारी सेक्रेटरींनी तिला ऑफिसात बोलावलं. “मामांना नऊ वर्षं जमलं, तुला एक आठवडा जमेना? असं असेल तर आम्हाला दुसरी बाई बघावी लागेल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा लंगडत कामावर आला तेव्हा ती भांडी घासत होती. त्यानेही तेच केलं जे सेक्रेटरींनी केलं होतं. “हात सैल आहे तुझा,” तो म्हणाला. “अकरा वर्षं काय बघितलंस इथे?”

तिने हातातलं पातेलं पालथं घातलं, हात कोरडे केले आणि म्हणाली, “मामा, चला माझ्याबरोबर.”

ती त्याला कोपऱ्यावरच्या दुकानात घेऊन गेली. साडेसात वाजले होते, चारचौघं जातात ती वेळ. एका दिवसाचे ठरलेले पैसे तिने मामाच्या हातात ठेवले. “घ्या सामान. तुम्हीच घ्या. मी मध्ये बोलत नाही.”

मामाने घेतलं. डाळीच्या भावावरून दुकानदाराशी हुज्जत घातली, बटाटे एकेक दाबून निवडले, तेलाची लहान बाटली मागितली. पैसे संपले तेव्हा त्याला वाटलं मोजण्यात काही चूक झाली. तशी झाली नव्हती. दोघांनी सामान आणून स्वयंपाकघरातल्या मोठ्या टेबलावर मांडलं. टेबल बेचाळीस माणसांच्या भाजीचं होतं, सामानाने त्याचा एक कोपरासुद्धा भरला नाही.

मामा त्या ढिगाकडे बराच वेळ बघत उभा राहिला. नऊ वर्षं ज्या आकड्याला टाळ्या पडल्या तो आकडा त्याने आज पहिल्यांदा डोळ्यांनी बघितला.

“तुम्ही मला सगळं शिकवलंत,” भाची म्हणाली. “एवढ्यात बेचाळीस माणसं कशी जेवतात तेवढं नाही शिकवलंत. कारण ती जेवत नाहीत, मामा. एवढ्यात कुणीच जेवत नाही.”

“बाजारात जायचं लवकर.”

“पोरींना कुणाकडे ठेवू? आणि माझ्यानंतर जी येईल ती? तिलाही दगड देणार?”

मामाने टेबलावरचे बटाटे ओढून घेतले आणि चिरायला बसला. दुपारी तो जेवणाच्या खोलीत पाव वाढत फिरला. शिंप्याने त्याचा हात धरला. म्हाताऱ्याची बोटं सुईसारखी बारीक झाली होती. “चिमूट, आलास होय,” तो म्हणाला. “तू आठवडाभर पडलास तेव्हा कळलं बघ, की आम्हाला काय किमतीत ठेवलंय. तू होतास तर इतकी वर्षं पत्ताच लागला नाही.”

हे बोलणं चांगल्या मनाने केलं होतं. पण मामाच्या काळजाला घरं पडली. त्याला दारात हात पुसत उभा असलेला तो माणूस आठवला, “भागतंय की” म्हणणारा. त्याला वाटायचं आपण या माणसांना जगवतोय. जगवत तो होताच. पण त्यांच्या उपासावर झाकण घालून बसलाही तोच होता. आणि त्या झाकणाबद्दल मिळालेला कागद काचेत घालून भिंतीवर लावला होता. तो संध्याकाळ उलटेपर्यंत कुणाशी बोलला नाही, भांड्यांशीसुद्धा.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी समितीची सभा होती. पुढच्या तीन वर्षांचा दर तिथे कायम व्हायचा होता, आणि सभेनंतर मामाच्या निरोपाचं जेवण होतं, मामाच्याच हातचं. समितीचे सात जण दरवर्षी त्याचं एक ताट चाखत आणि “या पैशात हे!” म्हणून माना डोलावत. मामाने सेक्रेटरींना एवढंच सांगितलं, की यंदा जेवण आधी होऊ दे, सभा मागून. निरोपाचा मान म्हणून त्यांनी ते ऐकलं.

त्या दिवशी मामा बाजारात गेला नाही. धार लावायचा दगड घरीच राहिला. कोपऱ्यावरच्या दुकानातून सात ताटांचे होतील तेवढ्या पैशांचं सामान आलं आणि त्याने ते शिजवलं, जसं पुस्तकात लिहिलेलं असतं तसं, नीट. लसूण नाही, मिरी नाही, कुटलेला पाव नाही. भाची बाजूला उभी होती. “मामा, नाव जाईल तुमचं,” ती हळूच म्हणाली. “एक चिमूट तरी टाका.” त्याचा हात सवयीने डब्याकडे गेला. पाणी पाणी झालेली ती डाळ लोकांसमोर न्यायची म्हणजे त्याला भर रस्त्यात उघडं फिरण्यासारखं होतं. त्याने हात मागे घेतला.

सात ताटं मांडली गेली. वाटीच्या तळाला डाळ, अर्धा बटाटा, पावाचे दोन काप. चार घासांत संपलं. सगळे पुढचं येईल म्हणून बसून राहिले.

“मामा,” अध्यक्ष हसून म्हणाले, “आज हात बिघडला की काय?”

“हात तोच आहे,” मामा म्हणाला. “हे तुमच्या दराचं ताट. दुकानातून आणलंय, पावती इथे आहे. इतकी वर्षं जे जेवलात ते या पैशाचं नव्हतं. ते बाजारातल्या लोकांनी काढून ठेवलेलं होतं, आणि थोडं माझ्या खिशातलं. माझ्यामागून ते येणार नाही. तेव्हा दर ठरवा तो हे बघून ठरवा. आणि डॉक्टरीणबाईंनी अंडं सांगितलं होतं. तेव्हा मी भागतंय म्हणालो. भागत नव्हतं.”

सेक्रेटरींचा चेहरा आधी पडला, मग लाल झाला. “काढून ठेवलेलं म्हणजे?” त्यांनी विचारलं. “टाकाऊ भाजी? नऊ वर्षं तुम्ही आमच्या लोकांना टाकाऊ भाजी घातलीत?”

मामाने तोंड उघडलं. बटाटा कसा कोरायचा, सडलेलं आणि लागलेलं यात फरक काय, हे त्याला तासभर सांगता आलं असतं. पण समोरची सात तोंडं बघून त्याला कळलं, की आपल्याच दराने लोक उपाशी राहिले हे ही माणसं कधी लिहून देणार नाहीत. आचाऱ्याने वाईट भाजी घातली, हे मात्र आनंदाने लिहून देतील, आणि तेवढ्यावर पैसेही वाढवतील. त्याने भाचीकडे बघितलं. ती पुढे येऊ लागली तशी त्याने मान हलवली.

“घातली,” तो म्हणाला.

सभा अर्ध्या तासात आटोपली. ‘आधीच्या आचाऱ्याने हलक्या प्रतीचा माल वापरल्याचे निदर्शनास आल्याने’ ताटाचा दर जवळजवळ दुप्पट झाला. आठवड्यातून दोनदा अंडं मंजूर झालं. भाचीची नोकरी कायम झाली. निरोपाचं भाषण झालं नाही. प्रशस्तिपत्र संध्याकाळी शिपायाने येऊन काढून नेलं. भिंतीवर स्वच्छ चौकोन राहिला.

तीन महिन्यांनी मामा भाचीला भेटायला आश्रमात गेला. जेवणाची वेळ होती. तिने त्याला शिंप्याशेजारी बसवलं आणि सगळ्यांसारखं ताट आणून ठेवलं. शिंपी दोन्ही हातांनी अंडं सोलत होता. सुईत दोरा ओवावा तसा एकेक तुकडा निगुतीने काढत होता. “चव तुझी नाही रे,” तो म्हणाला, “पण पोट भरतं.” मग म्हणाला, “ती असती तर तिनेही खाल्लं असतं.”

“हो,” मामा म्हणाला.

समोर एक नव्याने आलेले आजोबा बसले होते. त्यांनी शेजारच्याला विचारलं, “हे कोण?”

“जुना आचारी,” शेजारचा आवाज खाली करून म्हणाला. पण म्हाताऱ्यांचा खालचा आवाजही सगळ्यांना ऐकू जातो. “टाकाऊ भाजी घालायचा म्हणे. म्हणून तर काढला.”

भाचीच्या हातातलं पातेलं टेबलावर आदळलं. ती त्यांच्याकडे वळणार तोच मामाने तिचा पदर धरला.

“राहू दे,” तो म्हणाला. “जेवतायत ना. जेवू दे त्यांना.”