आय कम, सर

आमचे हे इंजिनेर होते, असं आता कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. बेळगावला लागून असलेल्या शहापुरात साड्यांच्या दुकानात ज्यांनी त्यांना बघितलं, त्यांना तर नाहीच नाही. पण पुण्याला राहून यंत्रांचं शिक्षण घेतलेला आमच्या गल्लीतला पहिला माणूस म्हणजे हेच. मी लग्न होऊन आले तेव्हा परीक्षेचा निकाल नुकता लागलेला, आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, येईल त्याला सांगायच्या, "आता सायेब हुतोय बघा आमचा ल्योक."

साहेब काही झाले नाहीत. अर्ज गेले कोल्हापूरला, मिरजेला, हुबळीला. सगळीकडून एकच, हातानं काम केल्याचा अनुभव पाहिजे. मग हे निपाणीला गेले. तिथं एका तंबाखूच्या व्यापाऱ्यानं पिठाची गिरणी काढली होती, तेलाच्या इंजिनावर चालणारी. ते इंजिन म्हणजे लई नाठाळ. हे ते उघडायचे, पुसायचे, परत जोडायचे, आणि पगार नावालाच. पण सुट्टीला घरी आले की अंगाला रॉकेल आणि तंबाखू असा दोन्हींचा वास, आणि तोंड म्हणून मिटायचं नाही. एकदा मी चकल्या पाडत बसले होते, तर सोऱ्या माझ्या हातातनं काढून घेतला.

"अगं, ह्यो बघ दट्ट्या. इंजिनात असाच असतोय. खरं तिथं त्येला हातानं दाबायचं न्हाय, तेलाचा भडकाच ढकलतोय."

"मग चकल्या कुठनं पडत्यात?" मी विचारलं.

इतके हसले, इतके हसले, की आत्याबाई बाहेरनं बघायला आल्या. तसं हसणं मी पुढं परत कधी ऐकलं नाही, म्हणून सांगते.

मामंजींना हे काही पटत नव्हतं. "पुण्याला जाऊन काजळी फासून घ्यायला शिकलास व्हय रं? त्यापरीस आपल्या दुकानात गादीवर बस," म्हणायचे. शेवटी बापलेकांत ठरलं. त्या वेळी बेळगावात नवं वीजघर उभं राहत होतं आणि तिथं एक जागा निघाली होती. ती मिळाली तर मिळाली. नाहीतर दुकान, आणि यंत्राचं नाव घरात परत काढायचं नाही. ह्यांनी कबूल केलं. "आप्पा, ही जागा माझीच हाय," म्हणाले.

मुलाखतीवरनं आले ते खुशीत. गोऱ्या साहेबानं खूप विचारलं, हे एकाही प्रश्नाला अडले नाहीत. आत्याबाईंनी शिरा केला. मग आम्ही वाट बघत बसलो. बरेच दिवस झाले, उत्तराचा पत्ता नाही.

मग वीजघराच्या कचेरीतला एक कारकून मुलीच्या लग्नाचं लुगडं बघायला आमच्या दुकानात आला. दुकानाच्या मागंच आमचं घर. मी चहा घेऊन दाराशी उभी, आणि माझ्या मागं हे. मामंजींनी विचारलं, "काय झालं ओ आमच्या पोराचं?"

"जागा दुसऱ्याला गेली, आप्पा. पोरगं हुशार हाय, सायेबबी म्हणाला. खरं उठताना घोटाळा झाला. सायेब म्हणाला, यू मे गो. म्हणजे जा आता. तर ह्यो हात जोडून म्हणतोय, आय कम, सर. सायेब म्हणाला, नो, गो. ह्यो म्हणतोय, येस सर, आय कम. म्हणजे येतो."

मामंजींना इंग्रजीचा गंध नव्हता. "येतो म्हणाला न्हवं? मग चुकलं काय?"

"आपल्यात न्हाय चुकलं. सायेब म्हणाला, ह्येला जा म्हटलं तर येतो म्हणतोय. उद्या यंत्रापुढं बंद कर म्हटलं आणि ह्येनं चालू केलं, तर माणसं मरतील."

आमच्याकडं कुणी 'जातो' म्हणून उंबरा ओलांडत नाही. अशुभ असतं ते. कानडी शेजारीसुद्धा निघताना 'बर्तीनि'च म्हणतात, म्हणजे येतो. तोंडात बसलेलं ते, दुसरं काय निघणार?

"तुमी हुता की तिथं. सांगायचं न्हाय व्हय त्येला?" मामंजी म्हणाले.

"मी सायेबाला शिकवू? पोरगी लग्नाची हाय माझी, आप्पा. ते हिरवं काढा जरा."

मी मागं वळून बघितलं. हे भिंतीला टेकून उभे होते. मला वाटलं, बाहेर येऊन काहीतरी बोलतील, भांडतील. हे पुढं गेले, गादीवर चढले आणि ते हिरवं लुगडं स्वतः उलगडून दाखवायला लागले. पदर कसा, काठ कसा, सगळं सांगितलं. कारकुनाला ह्यांच्याकडं नीट बघवेना.

हे गादीवर बसले ते बसलेच. पाने-हातोड्यांची पेटी निपाणीला पाठवून दिली. मी रात्री कधी विचारायची, अवं, बरं हायसा न्हवं? तर म्हणायचे, "बरं हाय की." जेवण कमी झालं, बोलणं त्याहून कमी. मामंजी मात्र समाधानी होते, पोरगं मार्गी लागलं म्हणून.

पुढं आमच्या गल्लीत वीज आली. आमच्या घरात ह्यांनी घेऊ दिली नाही, कारणही सांगितलं नाही. एका संध्याकाळी शेजारीण दारात आली. "वैनी, आमचा दिवा गेलाय बघा. तुमच्या मालकांना जरा पाठवा की. त्ये इंजिनेर न्हवं?"

हे जेवत होते. मान वर न करता म्हणाले, "सांग तिला, हितं कापडवाला ऱ्हातोय."

दारापर्यंत ऐकू गेलं असणार. तरी मी बाहेर जाऊन सांगितलं, झोपलेत. आत आले तर ताट तसंच होतं, आणि हे हात धुऊन उठले होते.